हफलपफचा हसरा फ्रायर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांत फॅट फ्रायरच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत, पण वाचक त्याला विसरत नाहीत. प्रश्न दोन तऱ्हेचे येतात. काहींना पुस्तकातला फ्रायर नीट समजून घ्यायचा असतो, तर काहींना तो शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा वाचनकट्ट्याच्या कार्यक्रमात उभा करायचा असतो. दोन्हींची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत, कारण पहिल्या तऱ्हेचं कळलं नाही तर दुसऱ्यात हमखास चूक होते.

हा फॅट फ्रायर नेमका कोण?

हॉगवर्ट्‌स या जादूच्या शाळेत चार हाउस (विद्यार्थ्यांचे गट) आहेत आणि प्रत्येक हाउसचं एक भूत आहे. ग्रिफिंडोरचा निक, रेव्हनक्लॉची ग्रे लेडी, स्लिदरिनचा ब्लडी बॅरन आणि हफलपफचा फॅट फ्रायर. बुटका, गोल-गरगरीत, ख्रिस्ती संन्याशाचा झगा घातलेला आणि कायम प्रसन्न. जिवंतपणी तो स्वतः हॉगवर्ट्‌सचा विद्यार्थी होता आणि हफलपफमध्येच होता. म्हणून नव्या मुलांना तो ‘माझं जुनं हाउस’ अशा आपुलकीनं हफलपफबद्दल सांगतो.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. चारही भुतांचे मृत्यू अकाली आणि हिंसक आहेत. निकचा शिरच्छेद बोथट कुऱ्हाडीनं झाला. ग्रे लेडीला, म्हणजे हेलेना रेव्हनक्लॉला, बॅरननं भोसकलं आणि मग स्वतःचाही जीव घेतला. फ्रायरलाही मृत्युदंडच झाला. निकची मान लोंबते, बॅरनच्या अंगावर रक्ताचे डाग आणि साखळदंड आहेत, हेलेना झग्याआड जखम लपवते. फ्रायरच्या अंगावर मात्र मरणाची कुठलीही खूण सांगितलेली नाही. दिसतो तो फक्त त्याचा हसरा चेहरा. या पात्राचं मर्म आमच्या मते इथेच आहे.

पुस्तकांत तो कुठे कुठे भेटतो?

तीन जागा पक्क्या लक्षात ठेवा.

पहिल्या पुस्तकाचं सातवं प्रकरण. पहिल्या वर्षाची मुलं सॉर्टिंगसाठी, म्हणजे कुणी कोणत्या हाउसमध्ये जायचं ते ठरण्यासाठी, ताटकळत उभी असताना भिंतीतून वीसेक भुतं येतात, तीही आपसात वाद घालत. फ्रायरचं म्हणणं असतं की शाळेत धुमाकूळ घालणाऱ्या पीव्ह्‌झला माफ करावं, आणखी एक संधी द्यावी. मग त्याचं लक्ष घाबरलेल्या मुलांकडे जातं आणि तो हसून त्यांचं स्वागत करतो. थोड्याच वेळात हॅना अ‍ॅबट ही पहिली मुलगी हफलपफमध्ये जाते, तेव्हा तो तिला आनंदानं हात करतो.

दुसऱ्या पुस्तकाचं आठवं प्रकरण. निकच्या पाचशेव्या मृत्युदिनाच्या समारंभात तो कपाळात बाण घुसलेल्या एका सरदाराशी गप्पा मारताना दिसतो. एका वाक्याचा प्रसंग, पण सगळीकडे सुतकी कळा असताना गप्पांत रमलेला तो एकटाच लक्षात राहतो.

चौथ्या पुस्तकाचं बारावं प्रकरण. इथे तो समोर येत नाही, निक त्याच्याबद्दल सांगतो. मेजवानीला पीव्ह्‌झला येऊ द्यायचं की नाही यावर भुतांची सभा झाली, फ्रायर संधी देण्याच्या बाजूनं होता, पण बॅरननं ठाम नकार दिला. चिडलेल्या पीव्ह्‌झनं मग स्वयंपाकघरात भांडी फेकली आणि सूपचा पूर केला. तीन वर्षं उलटली तरी फ्रायरचं मत बदललेलं नाही, हे या ओळीतून कळतं.

पुस्तकात त्याला एकदा मंक म्हटलंय आणि एकदा फ्रायर. दोन्ही एकच ना?

नाही, आणि हा फरक कळला की पात्र एकदम उलगडतं.

मंक हा मठवासी. तो एका मठात राहतो, तिथेच प्रार्थना करतो, तिथेच शेती किंवा हस्तलिखितांचं काम करतो आणि सहसा तिथेच मरतो. फ्रायर हा लोकांत फिरणारा. हा शब्द लॅटिनमधल्या ‘भाऊ’ या अर्थाच्या ‘फ्रातेर’वरून फ्रेंचमार्गे आला. फ्रायरनं गावोगाव जायचं, चौकात प्रवचन करायचं, आजाऱ्यांची विचारपूस करायची आणि लोक देतील त्यावर जगायचं. आपल्याकडच्या माधुकरीची आठवण झाली तर ती योग्यच आहे. फ्रायरांच्या पंथांपैकी फ्रान्सिस्कन पंथाला पोपची तोंडी मान्यता १२०९ मध्ये मिळाली, डॉमिनिकन पंथाला १२१६ मध्ये. इंग्लंडमध्ये डॉमिनिकन १२२१ ला पोचले आणि फ्रान्सिस्कन १२२४ ला.

पहिल्या पुस्तकात हॅरीच्या नजरेला फक्त झगा दिसतो म्हणून तिथे मंक हा शब्द येतो. दुसरं भूत त्याला ओळखतं, म्हणून ते त्याला फ्रायर म्हणतं. शेतकऱ्यांत मिसळून त्यांचे आजार बरे करणारा माणूस हा फ्रायरच असणार. मठवासी मंकला एवढा वावर शक्य नव्हता.

हे लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन फ्रायर ठाण्यात मारले गेले. पुढे पोर्देनोनेचा ओडोरिक हा फ्रायर ठाण्याला आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन चीनपर्यंत गेला. वसईच्या किल्ल्यात फिरताना फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन चर्चचे भग्न अवशेष आजही दिसतात. मात्र ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सना फ्रायर म्हणू नका. ते जेझुइट होते आणि तो पंथ वेगळा.

तो कोणत्या पंथाचा होता?

पुस्तकात पंथ दिलेला नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लोक फ्रायरना कपड्यांवरून ओळखत. फ्रान्सिस्कन करड्या झग्यात, डॉमिनिकन पांढऱ्या झग्यावर काळा अंगरखा चढवून आणि कार्मेलाइट पांढऱ्या अंगरख्यात. लंडनमधलं ब्लॅकफ्रायर्स हे ठिकाणाचं नाव त्यावरूनच पडलं. गरिबांत राबणारा आणि प्राण्यांशी जवळीक असणारा म्हणून वाचक त्याला बहुधा फ्रान्सिस्कन मानतात. ही समजूत पटण्यासारखी आहे, तरी ती समजूतच.

त्याला मृत्युदंड का झाला?

मूळ पुस्तकांत हे येत नाही. लेखिका जे. के. रोलिंग यांनी नंतर हॉगवर्ट्‌सच्या भुतांवर लिहिलेल्या टिपणात ते आहे. कारणं दोन. एक, तो शेतकऱ्यांना नुसती काठी टोचून त्यांचा पॉक्स बरा करत असे. दुसरं, कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रसादविधीच्या, चषकातून ससे काढायची त्याला सवय होती. वरच्या धर्माधिकाऱ्यांना संशय आला आणि त्यात तो गेला.

काठी म्हणजे अर्थातच जादूची छडी. पॉक्स म्हणजे आपल्याकडे ज्याला देवी येणं म्हणत तो रोग असू शकतो. मात्र पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात पसरलेल्या उपदंशालाही इंग्रजीत हाच शब्द वापरत, त्यामुळे नक्की कोणता ते ठरत नाही.

सशांचा प्रकार आपल्याला नुसता खोडकरपणा वाटतो. त्या काळी तो तसा नव्हता. मिस्साच्या, म्हणजे याच उपासनेच्या, वेळी चषकातला द्राक्षारस हे ख्रिस्ताचं रक्तच होतं ही श्रद्धा, आणि १२१५ च्या लॅटरन परिषदेनं तिला अधिकृत शब्दांत बांधलं होतं. गावकऱ्यांच्या पोटात हसू फुटत असेल, पण अधिकाऱ्यांच्या लेखी ही पवित्र वस्तूची विटंबना होती. रोग बरे करण्यावर कदाचित पांघरूण पडलं असतं, चषकावर पडणं अवघड होतं.

पण तो जादूगार होता, मग वाचला का नाही?

लेखिकेनं सांगितलेलं नाही. तिसऱ्या पुस्तकात हॅरीच्या गृहपाठात असं येतं की खऱ्या जादूगाराला जाळलं तरी काही होत नसे. ज्वाला थंड करणारा मंत्र म्हणायचा आणि ओरडण्याचं सोंग करायचं. हे नियम पाळले तर फ्रायरचा अंत चितेवर झाला नसावा, किंवा त्या वेळी त्याच्याजवळ छडी नसावी. शिक्षेचा प्रकार कुठेही दिलेला नाही. कुणी ‘त्याला जाळलं’ असं ठामपणे लिहिलेलं दिसलं तर ते गृहीतक समजा.

तो कोणत्या काळातला?

तारीख नाही, पण चौकट आखता येते. इंग्लंड धरून चालू. तिथे फ्रायर आले १२२१ मध्ये आणि आठव्या हेन्रीनं त्यांचे आश्रम बंद केले १५३८ मध्ये. पाखंडी ठरलेल्यांना जाळण्याचा कायदा १४०१ चा. जादूटोण्याविरुद्धचा राजाचा पहिला कायदा १५४२ चा; तोवर अशी प्रकरणं मुख्यतः धर्मपीठाकडेच जात. फ्रायरवर संशय घेणारे धर्माधिकारीच होते, त्यामुळे १४०१ ते १५३८ हा टप्पा आम्हाला सर्वांत सयुक्तिक वाटतो. निकचा मृत्यू ३१ ऑक्टोबर १४९२ चा, म्हणजे दोघं साधारण एकाच युगातले. हा अंदाज कथा लिहिणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे, पण पुस्तकातलं सत्य म्हणून तो सांगू नये.

कार्डिनल न झाल्याचं त्याला दुःख आहे म्हणतात. गावोगाव भटकणारा फ्रायर आणि कार्डिनल?

कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी. दुःख आहे, तेही लेखिकेच्याच टिपणातलं. आणि अपेक्षा अवास्तव मुळीच नव्हती. ह्यू ऑफ सेंट-चेर हा डॉमिनिकन १२४४ मध्ये कार्डिनल झाला. फ्रान्सिस्कन बोनाव्हेंचर १२७३ मध्ये झाला. रॉबर्ट किलवर्डबी तर इंग्लंडमधलाच डॉमिनिकन फ्रायर. आधी कँटरबरीचा आर्चबिशप आणि १२७८ मध्ये कार्डिनल. आपल्यासारखाच झगा घालणारे कार्डिनलच्या लाल टोपीपर्यंत पोचले हे फ्रायरला ठाऊक असणारच. त्याची खंत या उदाहरणांच्या शेजारी ठेवून वाचावी.

मग ती इच्छा अडकली म्हणूनच तो भूत झाला का?

हा प्रश्न खास मराठी वाचकांचा. आपल्याकडे वासना अडकली की आत्मा घुटमळतो, पिंडाला कावळा शिवत नाही. मुंजा आणि समंध यांच्या गोष्टी याच समजुतीतून आल्या. हॅरी पॉटरच्या जगाचा नियम वेगळा आहे. पाचव्या पुस्तकाच्या शेवटाकडे निक सांगतो की भूत होणं ही निवड असते. ती फक्त जादूगारांनाच करता येते, आणि बहुतेक जण ती करत नाहीत. त्यानं स्वतः मरणाच्या भीतीनं ती केली. त्यामुळे उद्या फ्रायरला कुणी कार्डिनल केलं तरी तो ‘सुटणार’ नाही. तिथे पिंडदानासारखा परतीचा उपाय नाही.

आता प्रश्न उरतो की असा आनंदी माणूस भ्याला का? निकनं आपलं कारण सांगितलं आहे, फ्रायरनं कधीच सांगितलेलं नाही. आमचा कौल असा की तो माणसांच्या ओढीनं राहिला असावा. दर १ सप्टेंबरला नवी मुलं येतात, त्यांना धीर द्यायला कुणीतरी हवं, आणि हे काम तो मनापासून करतो. हा कौल पुस्तकातल्या त्याच्या वागण्यावरून बांधलेला आहे, कोणत्या एका ओळीवरून नाही.

पीव्ह्‌झला तो सारखं माफ का करतो?

पीव्ह्‌झ हे भूत नाही. तो कधी जिवंत माणूस नव्हता; तो पोल्टरगाइस्ट आहे, म्हणजे मूर्तिमंत धुमाकूळ. तो वस्तू उचलू शकतो, फेकू शकतो, आणि बॅरनलाच काय तो घाबरतो. सगळ्या भुतांना त्याचा वैताग आहे, कारण तो त्यांना बदनाम करतो.

फ्रायरची भूमिका भाबडेपणाची आहे असं पुष्कळांना वाटतं. आम्हाला तसं वाटत नाही. संशयावरून ज्याला जीव गमवावा लागला, ज्याला दुसरी संधी कुणी दिली नाही, तोच दुसऱ्यासाठी संधी मागतो आहे. त्याचं मत सभेत फेटाळलं जातं, तरी तो सभा सोडून जात नाही की रुसत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच मांडतो. कष्टाळूपणा, चिकाटी आणि न्याय्य वागणूक हे हफलपफचे गुण गाणाऱ्या, सॉर्टिंग करणाऱ्या टोपीला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. हफलपफला उरल्यासुरल्यांचं हाउस म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा सावकाश वाचावा.

भूत म्हणून त्याला काय जमतं आणि काय नाही?

भिंतीतून, टेबलातून, माणसातून आरपार जाता येतं. भूत अंगातून गेलं की थंडगार पाण्याखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. रंग मोतिया पांढरा, थोडा पारदर्शक. बोलता येतं, ऐकता येतं, तरंगता येतं. वस्तू धरता येत नाही आणि चव घेता येत नाही. निकच्या समारंभात अन्न मुद्दाम कुजवलेलं असतं, कारण वास जितका उग्र तितकी चवीची पुसट जाणीव होईल अशी भुतांची आशा. म्हणजे फ्रायर आता छडीही धरू शकत नाही आणि कुणाचा आजारही बरा करू शकत नाही. त्याच्या हाती उरला तो फक्त शब्द.

कथा लिहिताना सर्वांत जास्त चूक इथेच होते. फ्रायर मुलाच्या खांद्यावर हात ठेवतो, त्याला सूप आणून देतो, दार उघडून देतो. यातलं काहीही त्याला शक्य नाही.

हफलपफच्या खोलीत जायला त्यालाही पिंपावर टकटक करावी लागते का?

नाही, तो भिंतीतून जातो. विद्यार्थ्यांना मात्र स्वयंपाकघराजवळच्या पिंपांच्या ढिगात दुसऱ्या रांगेतलं मधलं, तळापासून दुसरं पिंप ‘हेल्गा हफलपफ’ या नावाच्या ठेक्यात वाजवावं लागतं. चुकलं की अंगावर व्हिनेगर सांडतं.

सिनेमात तो कुणी केला?

२००१ च्या पहिल्या चित्रपटात सायमन फिशर-बेकर या ब्रिटिश नटानं. मेजवानीच्या दृश्यातली छोटीशी भूमिका. मृत्युदिनाचा समारंभ दुसऱ्या चित्रपटात नाहीच, त्यामुळे फ्रायरची तीही जागा गेली. फिशर-बेकर यांचं मार्च २०२५ मध्ये निधन झालं. ‘डॉक्टर हू’ ही मालिका पाहणारे त्यांना डोरियम म्हणून ओळखतात.

मराठीत त्याला काय म्हणावं?

पहिलं पुस्तक मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावानं आलं आहे, त्यामुळे वाचनकट्ट्यावर बोलताना त्यातली नावं वापरणं सर्वांत सोपं. स्वतंत्र नाटुकलं लिहिणार असाल तर ‘भिक्षू’ हा शब्द टाळा. मराठी कानाला तो बौद्ध भिक्खूकडे नेतो. ‘पाद्री’ही जुळत नाही, कारण पाद्री म्हटलं की एका चर्चचा धर्मगुरू डोळ्यांपुढे येतो. आमची पसंती ‘फ्रायरबुवा’ला. बुवा म्हटलं की वैराग्य, गावोगावचं फिरणं आणि लोकांचा लोभ हे सगळं एका शब्दात येतं. ‘जाड्या’ मात्र नको. मूळ नावातला ‘फॅट’ हा शाळेत लाडानं रुळलेला शब्द आहे, हिणवणारा नाही.

स्नेहसंमेलनासाठी झगा शिवायचाय. कापड किती, कोणतं?

साडेपाच फूट उंचीच्या माणसासाठी, पोटाची भर धरून, ४४ इंच पन्ह्याचं साडेपाच मीटर कापड घ्या. पुढचा-मागचा भाग मिळून तीन मीटर, बाह्यांना सव्वा मीटर, खांद्यावरची टोपी आणि तिचा घेर यांना एक मीटर, उरलेल्यात बगलेखालच्या पट्ट्या. दहा-बारा वर्षांच्या मुलाला चार मीटर पुरतं.

कापड मांजरपाट किंवा जाडसर केसमेंट. मांजरपाट धुतल्यावर आटतो, म्हणून बेतण्याआधी एकदा पाण्यातून काढा. तसंच शिवलं तर पुढच्या वर्षी झगा घोट्याच्या वर येतो. रंग फिकट करडा. तपकिरी झगा जिवंत फ्रायरचा वाटतो, भुताचा नाही. साटीन आणि चमकदार कापड पूर्ण टाळा; रंगमंचाच्या दिव्यात ते राजाच्या पोशाखासारखं दिसतं.

बेत सोपा. घडीवर कापड ठेवून इंग्रजी टी आकारात कापायचं, बगलेखाली दोन्ही बाजूंना २० सेंटिमीटर रुंदीची पट्टी जोडायची. ही पट्टी वगळली की पोटाच्या भरीमुळे पुढचा काठ वर उचलला जातो आणि आतली जीन्स दिसते. तेच टाळायला पुढचा भाग मागच्यापेक्षा सात-आठ सेंटिमीटर लांब ठेवा.

कमरेला सुती दोर, १० ते १२ मिलिमीटर जाडीचा, तीन मीटर. भरीसह कमरेला सव्वा मीटरच्या आसपास जातो, एक टोक गुडघ्यापर्यंत लोंबतं आणि तीन गाठींमध्ये प्रत्येकी वीस-पंचवीस सेंटिमीटर खपतात. या तीन गाठी फ्रान्सिस्कन पंथाच्या: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. नायलॉनचा दोर घेऊ नका, गाठ घसरते. दोर पोटावरून खाली सरकू नये म्हणून झग्याला दोन्ही कुशींना कापडी लूप शिवा.

पोट कसं भरायचं?

उशी बांधू नका. ती दोन मिनिटांत एका बाजूला कलते आणि नट सगळा वेळ ती सावरत बसतो. जुन्या बनियनला आतून कापडी खिसा शिवा, त्यात फोमचे तुकडे किंवा पॉलिएस्टर फायबर भरा आणि आडव्या-उभ्या टाक्यांनी गादीसारखं टाचून घ्या. वजन खांद्यावर पडायला हवं, कमरेवर नाही. कापूस जड होतो आणि घामानं गोळा होतो. भर फक्त पुढे न घालता पाठीला आणि कुशींनाही थोडी घाला, नाहीतर माणूस गोल न दिसता झग्यात कलिंगड लपवल्यासारखा दिसतो. प्रयोग वीस मिनिटांहून लांब असेल तर मध्ये झगा उतरवून पाणी प्यायची सोय ठेवा.

डोक्यावरचं टक्कल आणि रंगभूषा?

माथा गुळगुळीत आणि भोवती केसांचं कडं, ही टॉन्शर. कॅथलिक चर्चनं ती १९७२ च्या आदेशानं बंद केली, पण मध्ययुगीन फ्रायर तिच्याशिवाय ओळखू येत नाही. सोपा मार्ग म्हणजे त्वचेच्या रंगाची पोहण्याची टोपी घट्ट बसवायची आणि तिच्या कडेला करड्या लोकरीचं दोन इंची कडं शिवायचं. लॅटेक्सची टक्कल-टोपी जास्त खरी दिसते, पण काहींना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असते. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला छोटा तुकडा लावून पाहा.

चेहऱ्याला पाण्यात कालवायचा पांढरा रंग, त्यात करड्याची किंचित छटा. थर पातळ हवा. टाल्कम पावडरचा जाड थर घामानं भेगाळतो. गालांना मात्र काळ्या सावल्या देऊ नका, गाल खोल गेले की हसरा फ्रायर कवटीसारखा होतो. डोळ्यांखाली थोडी राखाडी छटा पुरे.

तो खरोखर पारदर्शक दिसेल अशी काही युक्ती?

आहे, आणि जुनी आहे. १८६२ च्या नाताळात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी ती दाखवली. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. तिला ‘पेपरचं भूत’ म्हणतात.

रंगमंचावर स्वच्छ पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा पत्रा, ८ बाय ४ फुटी, उभा करून प्रेक्षकांच्या नजरेशी ४५ अंशांत ठेवा. फ्रायर विंगेत, प्रेक्षकांना दिसणार नाही असा, पत्र्याकडे तोंड करून उभा राहील. त्याच्यामागे काळा पडदा. बाकी दिवे मंद करून त्याच्यावर झोत टाकला की पत्र्यात त्याचं प्रतिबिंब दिसतं, आणि पत्र्यामागची मंडळी व टेबलं त्याच्या आरपार दिसतात. फ्रायर पत्र्यापासून जितका दूर, तितकंच त्याचं प्रतिबिंब पत्र्याच्या मागे भासतं. म्हणून पत्र्यामागच्या नटांनी कुठे बघून बोलायचं ते अंतर मोजून खडूनं आखा.

बिघडतं ते असं. ४५ अंशांत पत्रा साधारण दहावा हिस्साच प्रकाश परत फेकतो, म्हणून साध्या दिव्यानं भूत उमटत नाही. झोत चांगला दणकट हवा. पत्रा पातळ असेल तर वाकतो आणि फ्रायर लांबुळका दिसतो. फार जाड असेल तर दोन पृष्ठभागांची दोन प्रतिबिंबं पडतात. ४ मिलिमीटर जाडी आणि चारही बाजूंनी लाकडी चौकट हा मधला मार्ग. सभागृहाच्या खिडक्या उघड्या राहिल्या तर भुताबरोबर खिडकीही दिसते. प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं, तेव्हा हात कुठल्या बाजूचा हलवायचा याची तालीम पत्र्यासमोरच करा. दिवा एकदम न लावता डिमरनं चार-पाच सेकंदांत चढवला तर फ्रायर भिंतीतून उगवल्यासारखा येतो. पत्रा पुसायला सुती मऊ फडकं आणि साधं पाणी. वर्तमानपत्रानं ओरखडे पडतात.

नटाला काय सांगावं?

फ्रायरला दारुड्या करू नका. इंग्रजी गोष्टींतल्या जाड्या, पिणाऱ्या, खादाड फ्रायरचा साचा डोळ्यांपुढे येतो आणि नट झिंगत बोलायला लागतो. हा फ्रायर कधी पिताना दाखवलेला नाही. त्याच्या जाडीवर विनोदही नको. पुस्तकात त्याला कुणी हसत नाही. हसू त्याच्याकडून दुसऱ्याकडे जायला हवं. चाल सावकाश, पावलं घासत, म्हणजे तरंगल्याचा भास होतो. आवाज खालच्या पट्टीत आणि ऊबदार. मुलांशी बोलताना किंचित वाकायचं.

हातात काय द्यावं? चषक आणि ससा?

हातात काहीही देऊ नका, भुताला वस्तू धरता येत नाही. त्याच्या जिवंतपणीचा प्रसंग दाखवत असाल तर एक साधी, फूटभर लांबीची काठी पुरे. सशाच्या विनोदासाठी चर्चच्या चषकासारखं भांडं वापरू नका. प्रेक्षकांत ख्रिस्ती कुटुंबं असतील तर त्यांच्या दृष्टीनं ती आजही पवित्र वस्तू आहे. लाकडी पेला घ्या आणि कापडी ससा आधी बाहीत ठेवा. बाही मनगटाशी ३० सेंटिमीटर रुंद असली की तो अडकत नाही.